आभाळाचे भाडे

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या गच्चीवर दरवर्षी एक वाद ठरलेला. मुले रिकाम्या बाटलीत बाण उभा करतात, वात पेटते, बाण सूं करीत वर जातो आणि सौभाग्यवती म्हणतात, "गेले पैसे आभाळात!" या खेपेस धाकट्या नातवाने त्यांनाच कोंडीत पकडले. "आजी, मग चांद्रयानाचे पैसे कुठे गेले?"

आजीने प्रश्न माझ्याकडे टोलवला आणि त्या चकल्या तळायला खाली गेल्या. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

चांद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी रुपये लागले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला अलगद उतरले तेव्हा आपण सर्वांनी पेढे खाल्ले. त्याआधीच्या चांद्रयान-२ चा विक्रम ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रावर आपटला होता, हे पेढा तोंडात असताना कोणाला आठवले नाही, एवढेच. देशाच्या अंतराळ खात्याचा एकूण खर्च अलीकडे वर्षाला १३,००० कोटींच्या आसपास असतो. डोकी १४० कोटींहून अधिक. म्हणजे माणशी शंभराच्या आत, आणि पाच माणसांच्या घराला वर्षाकाठी पावणेपाचशे रुपयांच्या आत. एवढ्यात अर्धा किलो काजूकतलीही धड येत नाही! शिवाय त्यातला एक रुपयाही चंद्रावर पडून राहिलेला नाही. वालचंदनगरला अग्निबाणाची आवरणे घडवणारा, विक्रोळीत इंजिने जोडणारा, अशा हजारो कामगारांच्या घरी तो पोचला आहे.

हिशेब सुटला, नातू खूश झाला. पण वाचकहो, हा हिशेब गच्चीवरच्या माणसाचा. ज्या घरी पावणेपाचशे रुपये मोठे वाटतात त्या घराला या आभाळातून काय मिळाले, असे कोणी विचारले तर? त्या घराचा पत्ता शोधायला फार लांब जायला नको. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा काढलेला नंदुरबार जिल्हा घ्या. खाली तापीकाठी शहादा-तळोद्याची काळी जमीन, ऊस, केळी, मिरची. आणि वर सातपुड्यात अक्कलकुवा नि अक्राणीचे पाडे, एका डोंगरावर चार घरे, दुसऱ्यावर सहा.

याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. मोठा समारंभ झाला. पुढे रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटवायची पद्धत आली आणि मौज अशी झाली की, अंगठा माणसाजवळ, क्रमांक सरकारजवळ आणि दोघांची गाठ घालून देणारी रेंज कोणाजवळच नाही. डोंगरात फोन लावायचा तर टेकडी चढायची. दिवसा ठीक आहे. रात्री बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि रुग्णवाहिका बोलवायची असली म्हणजे ती टेकडी किती उंच होत असेल, याची कल्पना आपण शहरातल्या माणसांनी करून पाहावी.

२०२५ च्या दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे होत आले होते, तेव्हा, ५ नोव्हेंबरला, महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक या अमेरिकन कंपनीबरोबर इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम अशा दुर्गम आणि मागे राहिलेल्या भागांतल्या सरकारी संस्थांना, वस्त्यांना उपग्रहावरून इंटरनेट देण्याचा हा इरादा. (इरादापत्र म्हणजे साखरपुडा. लग्नाची तारीख वेगळी!)

हे चालते कसे? आपले जुने दूरसंचार उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर, एका जागी टांगल्यासारखे असतात. तिथवर जाऊन परत यायला संदेशाला पाव सेकंद लागतो. प्रश्न नि उत्तर मिळून अर्धा. हे नवे उपग्रह साधारण साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात, त्यामुळे बोलणे अडखळत नाही. पण खाली आल्याची शिक्षा अशी की, एक उपग्रह डोक्यावर काही मिनिटेच राहतो. तो मावळायच्या आत दुसरा हजर हवा. म्हणून शेकड्यांनी नव्हे, हजारांनी उपग्रह लागतात. त्यांचे आयुष्यही जेमतेम पाच वर्षांचे. मग ते हवेत जळून जातात आणि नवे पाठवावे लागतात. ३ फेब्रुवारी २०२२ ला सोडलेल्या ४९ पैकी सुमारे ४० उपग्रह सूर्यावरून आलेल्या वादळात सापडून आठवडाभरात गेले. हा खर्च कंपनीचा खरा, पण कंपनी तो शेवटी कोणाच्या तरी बिलातच लावणार.

आणि सगळेच काही वर जळून जात नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. नंदुरबारला लागून असलेल्या बडवानीपासून थेट नागपूरपर्यंत लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या रेषा पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी येऊन आदळली. जवळपास धातूचे गोळे सापडले. चीनच्या अग्निबाणाचे ते अवशेष, असा जाणकारांचा निष्कर्ष. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. आमच्या पिढीला १९७९ ची स्कायलॅबची घबराट आठवत असेल. तेव्हा निदान वर्तमानपत्रे महिनाभर आधी ओरडत होती. लाडबोरीला कोणी पूर्वसूचना दिली नाही. १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार म्हणतो की, जमिनीवर झालेल्या नुकसानाची भरपाई यान सोडणाऱ्या देशाने द्यावी. बाण उडवणारा एक, काडी पडते ती भलत्याच्याच अंगणात, हे आमच्या गच्चीवरही घडते.

तरीही मला खरी धास्ती वाटते ती कडीची नाही, भाड्याची. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेचा एक उपग्रह आपण मागून घेतला होता. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना त्याने शेती, आरोग्य, शाळा यांचे कार्यक्रम थेट दाखवले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. प्रयोग नावाजला गेला, वर्ष संपले, उपग्रह परत सरकवला गेला आणि थेट प्रक्षेपण थांबले. आपला इन्सॅट-१ बी वर जाऊन नीट कामाला लागायला १९८३ उजाडले. मागून आणलेल्या दिव्याने लक्ष्मीपूजन होते, पण तेल आपलेच घालावे लागते.

सातपुड्यातले तेल म्हणजे काय, तेही मोजून पाहावे. थाळीला आपल्या जुन्या पिवळ्या बल्बाइतकी तरी वीज अखंड हवी. पावसाळ्यात तारा तुटल्या की ती कुठून येणार? बॅटरी कोण बदलणार? थाळी शाळेच्या छपरावर बसली आणि शाळेला गुरुजीच नसले तर? ओडिशाचे उदाहरण आठवते. १९९९ चे चक्रीवादळ उपग्रहांना दिसत होते, तरी दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. २०१३ चे फायलिन वादळही दिसले. त्या वेळी सुमारे दहा लाख माणसे आधीच हलवली होती, बांधलेले निवारे होते, आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. उपग्रह दोन्ही वेळी होता. मधल्या चौदा वर्षांत काम झाले ते जमिनीवर.

नंदुरबारात असे काम करणारी माणसे नाहीत असे मुळीच नाही. २०२० च्या साथीत चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका नर्मदेच्या फुगवट्यात सुमारे १८ किलोमीटर नाव वल्हवत पाड्यांवर जाई, बाळांची वजने घेई, गरोदर बायांना खाऊ पोचवी. नदीकाठी तरंगते दवाखानेही फिरले आहेत. अशा बाईच्या हातात वजनकाट्याबरोबर बोलता फोन आला, तर अक्राणीच्या डॉक्टरशी तिथूनच विचारविनिमय होईल. माझ्या मते पावणेपाचशे रुपये तेवढ्यासाठीच वसूल आहेत. मात्र त्या फोनचे दुसऱ्या वर्षाचे, पाचव्या वर्षाचे भाडे अंदाजपत्रकाच्या कोणत्या रकान्यात लिहिले आहे, हे समारंभाच्या दिवशीच विचारून ठेवलेले बरे.

नातवाला मी हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "आणि भाडे भरले नाही तर?"

"तर पुन्हा टेकडी चढायची," मी म्हटले.

तोवर चकल्यांचा डबा वर आला. मुलांनी शेवटचा बाण बाटलीत उभा केला आणि या वेळी काडी कुठे पडते ते पाहायला दोघांना खाली उभे केले.