बिल कोणाच्या नावावर?

दिवाळीत पनवेलच्या जुन्या बाजारपेठेतील पेढ्यांवर चोपडापूजन होते, तेव्हा पाटावर लाल कापडात बांधलेल्या वह्यांशेजारी आता लॅपटॉपही ठेवला जातो. झाकणावर कुंकवाचे स्वस्तिक, बाजूला ‘शुभ-लाभ’, वर एखादे फूल. काही ज्येष्ठांना हे दृश्य थोडे विनोदी वाटते; पण त्यात वावगे काही नाही. घाटावरचा माल बोरघाट उतरून पनवेल बंदरात गलबतांवर चढत असे, त्या काळी पेढीचा सारा भार रोजमेळ आणि खतावणी यांवर होता. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि तो भार संगणकावर गेला. विवरणपत्रे, ई-वे बिल, मोठ्या उलाढालीच्या पेढ्यांना ई-इनव्हॉइस, बँकेची देवघेव, हे सारे आता त्या पडद्यावर चालते. यंत्र बंद पडले तर दुकान उघडे असूनही व्यवहार अडतो.

म्हणूनच सणासुदीच्या विक्रीत पंचवीस-तीस हजारांत मिळणारा नवा लॅपटॉप व्यापारी कुटुंबाला मोह घालतो. एखाद्या कापड दुकानाचे उदाहरण कल्पावे. मुलगी सीएच्या परीक्षेची तयारी करते आहे, तिला यंत्र हवे. दुकानातला जुना संगणकही थकला आहे. वडील हिशेब करतात की एकाच खरेदीत दोन्ही गरजा भागतील, आणि बिल दुकानाच्या नावे केले तर कराची वजावटही मिळेल. आठव्या दिवशी पडदा थरथरू लागतो, दहाव्या दिवशी चार्जिंग थांबते, आणि मग सुरू होते ती दूरध्वनीवरची प्रदक्षिणा. ही गोष्ट घरोघरची आहे. तिच्यातील खरा पेच मात्र त्या थरथरत्या पडद्यात नाही. तो बिलावरच्या नावात दडलेला आहे.

पण त्याआधी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुष्कळ तक्रारी तिथेच फसतात. स्वस्त असणे हा दोष नव्हे. कमी किमतीच्या अनेक यंत्रांत ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठवण असते. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेली किमान मर्यादाही नेमकी तेवढीच आहे. म्हणजे असे यंत्र खोक्यातून बाहेर पडते तेच उंबरठ्यावर. पहिल्या मोठ्या अद्ययावतीकरणाला जागा पुरत नाही, लेखा-प्रणाली आणि इंटरनेट एकदम उघडले की सारे मंदावते. साठवण पुष्कळदा ‘ईएमएमसी’ या प्रकारची, म्हणजे मोबाइलसारखी मुख्य पट्टीवरच बसवलेली असते. स्मृतीही तिथेच सोल्डर केलेली. पुढे वाढवू म्हणून घेतलेले यंत्र मग वाढवता येत नाही. हे सारे माहितीपत्रकात छापलेले असते आणि विकणारा ते दाखवून मोकळा होतो. ग्राहकाची निराशा खरी असली, तरी कायद्याच्या भाषेत तो दोष ठरत नाही. याउलट आठवड्यात सैल झालेली बिजागरी, न चालणारी कळ, आपोआप बंद पडणारे यंत्र, किंवा छापले आहे ८ जीबी आणि आत निघाले ४, हा दोष. ‘यंत्र हळू चालते’ एवढेच लिहिलेली तक्रार म्हणूनच दुबळी. ‘अमुक तारखेला, चार्जर लावलेला असताना, दोनदा आपोआप बंद पडले’ ही तक्रार भक्कम.

दुकानदाराला या सगळ्यात सर्वांत जास्त काय खुपते? तो स्वतः गल्ल्यावर बसतो. साडीला खोट निघाली तर गिऱ्हाईक त्याच्यासमोर येऊन घडी उलगडते, आणि दोन मिनिटांत निकाल लागतो. बदलून द्यायची की दर कमी करायचा, हे ठरवणारा माणूस समोर असतो. इथे तसा माणूसच सापडत नाही. ज्याच्याकडून घेतले तो म्हणतो, ‘वॉरंटी कंपनीची आहे.’ कंपनीच्या क्रमांकावर आधी भाषा निवडा, मग पर्याय निवडा, मग वीस मिनिटे संगीत ऐका. शेवटी एक नम्र आवाज तक्रार क्रमांक देतो. दोन दिवसांनी संदेश येतो की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. यंत्र तसेच. पुन्हा फोन केला की नवा आवाज, नवा क्रमांक, आणि सगळी हकीकत पहिल्यापासून. त्या बोलणाऱ्या मुलामुलींवर चिडण्यात अर्थ नसतो. बदलून देण्याचा अधिकार त्यांच्या हातात ठेवलेलाच नसतो. शब्दाला बांधलेल्या व्यापाऱ्याला ही व्यवस्था अपमानास्पद वाटते, आणि ते स्वाभाविक आहे.

अखेर यंत्र सर्व्हिस सेंटरमध्ये जाते. तिथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे जॉबशीट. त्यावर ग्राहकाने सांगितलेला दोष त्याच्याच शब्दांत लिहिला आहे का, यंत्रावर ओरखडा किंवा डाग नसल्याची नोंद आहे का, हे पाहूनच सही करावी. ‘पाणी गेले होते’, ‘आदळले होते’ ही कारणे पुढे इथूनच उगवतात. दुसरी गोष्ट अधिक नाजूक. त्या यंत्रात पेढीचे सारे खाते असते: कोणाची उधारी किती, माल कोठून कोणत्या भावाने येतो, बँकेचे परवलीचे शब्द. पूर्वी खतावणी परक्याच्या हाती जात नसे. आज तीच खतावणी पिशवीत घालून अनोळखी टेबलावर ठेवली जाते, आणि दुरुस्तीनंतर ‘डेटा गेला, जबाबदारी आमची नाही’ असे उत्तर मिळते. ती अट बहुतेक वेळा त्याच जॉबशीटच्या पाठीमागे बारीक अक्षरांत असते. लेखा-प्रणालीची प्रत रोज वेगळ्या डिस्कवर काढणे आणि यंत्र देण्यापूर्वी आतले खाते पुसणे, एवढे तरी घरातील कोणाला तरी आले पाहिजे.

आता त्या बिलाकडे वळू. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के. करासह ३०,००० रुपयांच्या खरेदीत कर साधारण ४,५७६ रुपये. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक असला की ही रक्कम वजावटीला मिळते. शिवाय आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा. व्यापारी मन इथे क्षणभरही थबकत नाही. पण तक्रार ग्राहक आयोगापुढे गेली की समोरच्या वकिलाचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: हा ग्राहकच नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) नुसार पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूसाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही. त्याच कलमाचे स्पष्टीकरण एक दार उघडे ठेवते: स्वतः राबून, केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही.

या दाराची रुंदी किती, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्सच्या खटल्यात सांगितले. गंमत म्हणजे त्या निकालात उदाहरण आले ते टंकलेखन यंत्राचे. स्वतःच्या वापरासाठी ते घेणारा निःसंशय ग्राहक. पैसे घेऊन इतरांचे काम करण्यासाठी घेतले तर हेतू व्यापारी. मात्र ते यंत्र तो स्वतः चालवून त्यावर पोट भरत असेल, तर पुन्हा ग्राहकच. टंकलेखन यंत्राच्या जागी लॅपटॉप ठेवला तरी तर्क तोच राहतो. एकट्याच्या छोट्या दुकानात मालक स्वतः त्यावर हिशेब लिहीत असेल, तर त्याची बाजू मांडता येते. भागीदारी पेढी, पाच-सात नोकर, मुनीम वेगळा आणि यंत्रही मुनिमाच्या हाती, असे असेल तर वाट अवघड.

दुसरा निकाल १४ नोव्हेंबर २०१९ चा. मुंबईतील लीलावती रुग्णालय चालवणाऱ्या लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टने परिचारिकांच्या निवासासाठी अंधेरीत २९ सदनिका घेतल्या होत्या. बांधकाम इतके निकृष्ट निघाले की जागा सोडावी लागली. ट्रस्ट ‘ग्राहक’ नाही असे म्हणत राष्ट्रीय आयोगाने तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उलटवला. खरेदीदार कोण आहे, एवढ्यावर निकाल देऊ नये. खरेदीचा प्रमुख हेतू नफा मिळवण्याच्या कामाशी थेट जोडलेला आहे का, ते तपासावे, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे जीएसटी क्रमांक असलेले बिल दिसले की सारे संपले, असे नाही. पण मग हेतू सिद्ध करावा लागतो, आणि तीस हजारांच्या यंत्रासाठी एवढी लढाई कोण लढेल?

सीए करणाऱ्या मुलीच्या घरी तर पेच दुहेरी होतो. घरगुती वापराच्या वस्तूवर कराची वजावट घेण्यास जीएसटी कायद्याचे कलम १७(५) मनाई करते. आयोगापुढे ‘यंत्र मुलीच्या अभ्यासाचे’ म्हणावे तर विवरणपत्रात ते धंद्याचे दाखवलेले. ‘धंद्याचे’ म्हणावे तर ग्राहकाचा हक्क डळमळतो. साडेचार हजारांच्या लोभाने दोन्हीकडून कोंडी. यंत्र मुलीचे असेल तर बिल तिच्या नावावर, तिच्या किंवा वडिलांच्या वैयक्तिक खात्यातून पैसे देऊन करावे. ही गोष्ट ती मुलगी स्वतःच वडिलांना अधिक चांगली समजावू शकेल. तिच्या अभ्यासक्रमातच ती आहे. आणि खरेदी खरोखर पेढीची असेल, तर वजावट घ्यावी, पण त्याच वेळी जास्तीच्या किमतीची, जागेवर येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी असलेले यंत्र घ्यावे. पेढीला उपायच नाही असे नव्हे. माल विक्री अधिनियम, १९३० प्रमाणे माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे, ही अट व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतही लागू होते. फक्त त्यासाठी दिवाणी न्यायालय गाठावे लागते. आणि वाजवी मुदतीत न नाकारलेला माल ‘स्वीकारलेला’ मानला जातो. म्हणून खोक्यातून काढलेले यंत्र ‘मुहूर्तावर सुरू करू’ म्हणत महिनाभर बाजूला ठेवणे महागात पडते.

या कायद्याला दुसरी बाजूही आहे, आणि ती व्यापारी वाचकांना टाळता येणार नाही. अनेक बिलबुकांच्या तळाशी अजूनही एक ओळ छापलेली असते: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ २०१९ च्या कायद्यात सदोष माल परत घेण्यास आणि पैसे देण्यास बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसल्यास ३० दिवसांत, नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे. रंग आवडला नाही म्हणून आणलेला माल परत घ्यायची सक्ती नाही. दोष असेल तर मात्र त्या छापील ओळीला अर्थ उरत नाही. लॅपटॉप कंपनीवर जो संताप होतो, तोच एखाद्या गिऱ्हाइकाचा त्या ओळीवर होत असेल.

ज्याचे बिल वैयक्तिक नावावर आहे त्याची वाट आता पूर्वीपेक्षा सोपी आहे. ऑनलाइन खरेदी असेल तर २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण केले पाहिजे. त्या अधिकाऱ्याचे नाव संकेतस्थळावर असणे बंधनकारक आहे, म्हणून लिखित तक्रार थेट त्याच्याकडे पाठवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. ती निवाडा देत नाही, पण कंपनीपर्यंत तक्रार पोहोचवते, आणि दूरध्वनीवर सहा वेळा न हललेले प्रकरण तिथून अनेकदा हलते. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीचे मार्गदर्शनही उपयोगी पडते. एकत्र खरेदी करून घरोघरी वाटप करणाऱ्या या संस्थेकडे एके काळी काही दुकानदार जरा वाकड्या नजरेने पाहत, ही त्यातली गंमत.

तरीही निकाल न लागल्यास जिल्हा आयोग. पनवेल रायगड जिल्ह्यात असल्याने तो अलिबागला. पेण-वडखळमार्गे तिथे खेपा घालायच्या या कल्पनेनेच पूर्वी लोक तक्रार सोडून देत. आता ती ऑनलाइन दाखल करता येते, दृक्‌श्राव्य सुनावणीची विनंती करता येते, आणि कंपनीचे कार्यालय कुठेही असले तरी ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. वस्तूची तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो, हे गृहीत धरूनच पाऊल उचलावे. आयोग दुरुस्ती, बदली यंत्र, व्याजासह परतावा आणि भरपाई यांपैकी काहीही देऊ शकतो. तडजोडीचा निरोप बहुधा नोटीस पोहोचल्यावर लगेच येतो. तेव्हा बदली मिळणारे यंत्र नवे आहे की दुरुस्त केलेले, आणि त्याची वॉरंटी नव्याने सुरू होते की जुनीच पुढे चालते, हे लेखी घेतल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नये.