वल्ह्याची घडण आणि निगा

विटा हे खानापूर तालुक्याचे ठिकाण पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेले आहे. तेथे नौकानयनाची परंपरा शोधू जाणे व्यर्थ होय. परंतु विट्याच्या पश्चिमेकडून वाहणारी, एरवी क्षीण प्रवाहाची येरळा नदी ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळते, आणि त्या काठावर पाण्याचा प्रश्न टंचाईचा न राहता पुराचा होतो. 2005, 2019 व 2021 या वर्षी कृष्णाकाठाने महापूर अनुभवले. 8 ऑगस्ट 2019 रोजी ब्रह्मनाळ येथेच पुरातून ग्रामस्थांना नेणारी नाव उलटून अनेकांचा अंत झाला. त्या अपघाताचा वल्ह्याशी संबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि पुराच्या पाण्यात यंत्र बंद पडले म्हणजे नाव स्वाधीन ठेवण्यास वल्ह्यावाचून दुसरे साधन उरत नाही. असे हे साधन वर्षातील दहा-अकरा महिने कोठेतरी अडगळीत पडून असते, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

वल्ही दोन प्रकारची असतात. लांब वल्हे नावेच्या काठावरील खुंटीस अडकवलेले असते. त्याचा टेकू नावेवर असल्याने भारही बराचसा नावच पेलते. आखूड हातवल्ह्यास असा टेकू नसतो. वरचा हात मुठीवर, खालचा पात्यालगत, आणि सर्व भार बाहूंवर, अशी त्याची रीत आहे. गुऱ्हाळाची काहील पुरात नावेसारखी वापरण्याचा प्रघात या भागात आहे. ती गोल असल्यामुळे एकाच बाजूने वल्हवल्यास जागच्या जागी गरगर फिरते. तेथे बाजू वारंवार बदलता येईल असे हलके हातवल्हेच उपयोगी पडते. पुढील विवेचन मुख्यतः त्याविषयीच आहे.

लाकडाच्या निवडीत जातीइतकेच महत्त्व तंतूंच्या दिशेस आहे. साग पाण्यात टिकतो व फारसा वाकत नाही. धामण सागाहून जड, परंतु लवचिक व चिवट असते. शिवण हलके व आकार राखणारे असते. बाभळीचे लाकूड पठारावर सहज मिळते, पण वजनामुळे हातवल्ह्यास ते सोयीचे नाही. जात कोणतीही असो, दांड्याचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेले पाहिजेत. ते मध्येच तिरपे होऊन बाहेर पडले, तर दांडा नेमका तेथेच, आणि बहुधा जोर लावण्याच्या क्षणी, मोडतो. दांड्यात गाठ असलेली फळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. ओले लाकूडही वर्ज्य. सावलीत वाळविताना जाडीच्या प्रत्येक इंचास सुमारे एक वर्ष द्यावे, असा ढोबळ नियम आहे.

वल्ह्याची लांबी उभ्या माणसाच्या हनुवटीपर्यंत, म्हणजे साधारणतः 140 ते 150 सेंटिमीटर ठेवतात. पाते सुमारे 50 सेंटिमीटर लांब व 18 ते 20 सेंटिमीटर रुंद असते. प्रथम फळीच्या दोन्ही अंगांवर व कडांवर मध्यरेषा आखावी. ही रेषा शेवटपर्यंत पुसली जाऊ देऊ नये; ती गेली की दोन्ही बाजू सारख्या ठेवण्याचा आधारच जातो. करवतीने बाह्याकार कापून वाकसाने जादा लाकूड तासावे, नंतर रंधा चालवावा. पाते मध्यभागी जाड व कडांकडे उतरते, कडेस पाच-सहा मिलिमीटर राहील असे करावे. कडा याहून पातळ केल्यास वल्हे देखणे दिसते, परंतु पहिल्याच दगडावर चिरते. दांडा आधी चौकोनी, मग अष्टकोनी व शेवटी लंबगोल करावा. पाते व दांडा जेथे मिळतात तेथे एकदम खाच न ठेवता उतार हळूहळू मिळवून घ्यावा, कारण सर्वाधिक ताण तेथेच येतो.

काचकागदाने घासल्यावर वल्हे एकदा ओल्या फडक्याने पुसावे. उभे राहिलेले तंतू वाळल्यावर पुन्हा घासून काढले म्हणजे पृष्ठभाग नंतर खरखरीत होत नाही. मग जवसाचे उकळलेले तेल पातळ थराने तीन-चार वेळा द्यावे व प्रत्येक थर पूर्ण सुकू द्यावा. लाकडात पाणी तंतूंच्या आडवे जाण्यापेक्षा त्यांच्या टोकांतून कितीतरी वेगाने शिरते. म्हणून पात्याच्या खालच्या कडेस तेल जिरेपर्यंत पुनःपुन्हा पाजावे. पाते व दांडा यांवर हवे तर व्हार्निश चालेल. मुठीवर मात्र ते नको. घामाने ते चिकट होते व तळहातास फोड येतात. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकणे धोक्याचे आहे. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि अशी फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

वल्हे भिंतीस तिरपे टेकवून ठेवले तर वाकते. आडवे, दोन आधारांवर, सावलीत ठेवावे. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात लाकूड आकसून पात्यास उभ्या चिरा पडतात. अशी चीर दिसताच जलरोधक सरस भरून दोन्ही बाजूंनी आवळावी. ओल आत मुरल्यानंतर सरस धरत नाही. दांडा मोडल्यास जाडीच्या निदान आठपट लांबीचा तिरपा सांधा करून तो जोडता येतो, परंतु असे वल्हे पुराच्या कामी वापरू नये.

ही सर्व तपासणी ज्येष्ठ महिन्यापूर्वी व्हावी. पाते जमिनीस लावून, एका हाताने मूठ धरून, दुसऱ्या हाताने दांड्याच्या मध्यावर बेताने जोर द्यावा. कडकड असा बारीक आवाज आला, तर ते वल्हे बाजूस काढून नवे करावे.