प्रसंगावधानाच्या कांहीं साध्या विद्या

1 जुलै 2023 रोजीं मध्यरात्र उलटल्यावर, नागपूरहून पुण्याकडे जाणारी एक खाजगी बस आपल्या जिल्ह्यांत सिंदखेडराजानजीक समृद्धि महामार्गावर उलटून पेटली. 25 प्रवासी प्राणांस मुकले. गाडी डाव्या कुशीवर पडल्यामुळें दार खालीं दबलें होतें. जे थोडे वांचले त्यांतील कित्येक कांच फोडून बाहेर पडले. ही वार्ता सर्वांनीं वाचली, हळहळही केली. परंतु त्यानंतर बसमध्यें चढतांना संकटकाळचा मार्ग कोणता हें पाहणारे किती, असें आम्हीं विचारलें तर वाचकांनीं रागावूं नये.

आम्हांस ज्या विद्यांविषयीं लिहावयाचें आहे त्यांस पैसा लागत नाहीं. म्हणूनच कीं काय, त्यांस कोणी विद्या मानीत नाहीं. आसनावर बसतांच दार, संकटकाळची खिडकी व कांच फोडण्याची हातोडी कोठें आहे तें पाहावें, आणि तेथपर्यंत मधें किती आसनें आहेत तीं मोजावीं. धुरांत डोळे निरुपयोगी होतात, पण हात चांचपून मोजूं शकतात. धूर वर चढतो, यास्तव वांकून चालावें. खिडकीची कडक कांच मध्यभागीं सहसा फुटत नाहीं. कोपऱ्याजवळ घाव घालावा.

दुसरी विद्या पाण्याची. अलीकडे शेतोशेतीं शेततळीं झालीं आहेत. त्यांच्या उतारावरील प्लॅस्टिकचा कागद ओला झाला म्हणजे त्यावर पाय ठरत नाहीं, आणि पोहतां येणारा मुलगाही कांठास येऊन पुन्हां आंत घसरतो. त्यास वांचविण्यासाठीं दुसऱ्यानें उडी घेतली म्हणजे दोघेही जाण्याचें भय. बुडणारा मनुष्य हातीं लागेल त्यास मिठी मारतो. तो त्याचा दोष नव्हे. दोर, लुगडें, लांब बांबू, झांकण घट्ट लावलेला रिकामा डबा, जें मिळेल तें त्याच्याकडे टाकावें, व स्वतः कांठावर पालथें पडून ओढावें. हातहात अंतरावर गांठी मारलेला एक दोर तळ्याच्या खुंटास कायम बांधून ठेवण्यास कोणत्या शेतकऱ्यास अडचण पडेल?

विहिरीची गोष्ट याहून फसवी आहे. खोल विहिरींत इंजिन चालविलें असतां विषारी वायु सांठतो. त्यास वास नसतो. आंत उतरलेला मनुष्य कोसळला कीं भाऊ धांवतो, मागून शेजारी धांवतो. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायूची उणीव दाखविते खरी, परंतु इंजिनाच्या विषापुढें ती अपुरी आहे. दिवा जळत राहतो आणि मनुष्य पडतो. म्हणून अशा वेळीं उतरूं नये. वरूनच हवा खेळवावी व मदत बोलवावी.

सर्पदंशाविषयीं वडीलधाऱ्यांची क्षमा मागून लिहितों. वर करकचून दोरी बांधणें, जखम कापणें, विष चोखणें या तिन्ही चालींनीं हानीच होते. अंगठी, बांगड्या काढाव्या. दंश झालेला अवयव फळीस सैल बांधून हालूं देऊं नये. रोग्यास चालवूं नये. आणि तडक सरकारी रुग्णालय गांठावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्या विषावर एकच लस चालते, त्यामुळें साप मारून बरोबर नेण्याचें कारण नाहीं.

मदतीसाठीं 112 व रुग्णवाहिकेसाठीं 108 हे क्रमांक बहुतेकांस ठाऊक असतात. पण आपण कोठें आहों हें सांगतांना मोठमोठे लोक गडबडतात. गांवाचें नांव, कोणतें शिवार, रस्त्यावरील किलोमीटरचा दगड, जवळचें देऊळ किंवा पूल, हें एका दमांत सांगण्याचा सराव घरीं करून पाहावा. हल्लीं मुलांस आईचा क्रमांकही पाठ नसतो, कारण तो यंत्रास पाठ असतो. यंत्र पाण्यांत पडलें तर? आज रात्रीं जेवतांना पालकांनीं मुलांस तो एकदां विचारावा. आणि मुलांनींही पालकांस विचारून पाहावें.