नायकाच्या मागे उभी असलेली माणसे

कीर्तनाला नेमाने बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. महाभारत पांडवांचे असले, तरी उत्तररंगात बुवा कोणाचे आख्यान लावतील ह्याचा नेम नसतो. एखाद्या रात्री ते विदुराच्या कण्यांचे आख्यान लावतात. मोठ्या कथेत ज्याच्या वाट्याला थोडीच जागा आली, त्याला त्या रात्री पूर्ण तास मिळतो, आणि प्रत्यक्ष श्रीकृष्ण त्याच्या घरी पाहुणा म्हणून येतो. भासाने 'कर्णभार' आणि 'दूतघटोत्कच' ही नाटके लिहिली तीही ह्याच वाटेने. १९६७ साली शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने कर्णाला घराघरात नेले तेही ह्याच वाटेने. कथा तीच राहते, पण उभे राहण्याची जागा बदलते, आणि जागा बदलली की पूर्वी न दिसलेले दिसू लागते.

आज आम्ही वाचकांना जेथे नेणार आहोत ते ठिकाण दिसायला फार दूरचे आहे. इंग्लंडात विज्ञानकथांचे एक चित्रसाप्ताहिक निघते, आणि त्यात मुख्य नायकांच्या मालिकांबरोबर त्यांच्या दुय्यम पात्रांच्याही स्वतंत्र मालिका येत आल्या आहेत. अशा मालिका केवळ पाने भरण्यासाठी असतात, असा समज आहे. तो अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा काय, एवढेच येथे पाहू.

ह्या साप्ताहिकाचे नाव 'टू थाउजंड एडी', म्हणजे इसवी सन दोन हजार. पहिला अंक २६ फेब्रुवारी १९७७ चा. तेव्हा ते सन भविष्यातले होते. आता ते उलटून पाव शतक झाले, तरी नाव तेच आहे. एका अंकात साधारण पाच मालिका येतात. प्रत्येकीला मोजकी पाने मिळतात आणि शेवटी 'पुढे काय' अशी अडकवण असते. दुसऱ्या अंकापासून त्यात जज ड्रेड आला. जॉन वॅग्नर हे त्याचे लेखक आणि कार्लोस एस्केरा हे त्याचे रूप घडवणारे चित्रकार. काळ पुढल्या शतकाचा, स्थळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे मेगा-सिटी वन नावाचे अवाढव्य नगर. बहुतेक कामे यंत्रमानव करतात, त्यामुळे कोट्यवधी माणसे रिकामी आहेत. रस्त्यावर फिरणारा न्यायाधीशच गुन्हेगाराला पकडतो, निवाडा करतो आणि शिक्षाही जागीच देतो.

ड्रेडची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तो शिरस्त्राण काढत नाही, त्याचा पूर्ण चेहरा वाचकाला दाखवायचा नाही, असा दंडक आहे. कायद्याला चेहरा नसतो, हे सुचवण्याची ही युक्ती प्रभावी खरी. पण ज्याचे डोळे दिसत नाहीत, त्याचे दुःख, भीती, पस्तावा चित्रकाराने दाखवावेत कोठे? ते आसपासच्या माणसांच्या चेहऱ्यांवर दाखवावे लागतात. दुय्यम पात्रांचे महत्त्व येथून सुरू होते.

पहिले उदाहरण हास्यरसाचे. १९७७ च्या आरंभीच्या कथांत यंत्रमानवांचे बंड झाले, त्यात वॉल्टर नावाचा एक यंत्रमानव माणसांच्या बाजूने राहिला. बक्षीस म्हणून त्याला स्वातंत्र्य मिळाले. ते घेऊन तो ड्रेडच्याच घरी नोकर म्हणून राहिला! त्याला 'र' म्हणता येत नाही, बोबडे बोलतो. १९७८ मध्ये ह्या वॉल्टरची स्वतंत्र छोटी मालिका निघाली. ती प्रथम इयन गिब्सन आणि नंतर ब्रायन बोलंड ह्यांनी रंगवली. वाचक हसला. परंतु हसता हसता एक काटा टोचतो. ज्याला मोकळे केले त्याला दुसरे काय करावे हेच सुचत नाही, ही केवळ गंमत नव्हे. तथापि वॉल्टरला धन्याखेरीज स्वतःची अशी इच्छा नव्हती. म्हणून ती मालिका चुटक्यांवर चालली आणि फार पुढे गेली नाही.

दुसरे उदाहरण अँडरसनचे. १९८० मध्ये जज डेथ नावाचा खलनायक आला. त्याच्या जगातील न्यायाधीशांचा सिद्धान्त असा की, सर्व गुन्हे जिवंत माणसेच करतात, म्हणून जगणे हाच गुन्हा. त्याला अडवण्यासाठी दुसऱ्याच्या मनातले ओळखणारी एक तरुण न्यायाधीश लागली, ती अँडरसन. तिने त्या दुष्टाचा आत्मा स्वतःच्या मनात कोंडून धरला आणि त्याच्यासकट स्वतःला एका पारदर्शक कवचात बंद करू दिले. काम संपले, पात्रही संपायला हरकत नव्हती. पण ती परत आली, आणि १९८५ पासून तिची स्वतःची मालिका सुरू झाली. पुढे अनेक वर्षे अ‍ॅलन ग्रँट ह्यांनी ती लिहिली.

तिच्या मालिकेत नगर तेच, कायदा तोच. फरक एवढाच की, अँडरसन शिरस्त्राण घालत नाही आणि समोरच्याचे मन तिला ऐकू येते. शिक्षा करताना त्या माणसाची भीती ज्याला ऐकू येते, त्याला ड्रेडसारखे निश्चिंत राहणे शक्य नसते. त्यामुळे आपल्या व्यवस्थेविषयी तिला प्रश्न पडतात, आणि एकदा तर ती सारे सोडून दूर निघून जाते. मुख्य मालिकेत हे घडवणे अवघड. ड्रेड डळमळला तर ड्रेड उरत नाही. जे नायकाला करू देता येत नाही, ते दुय्यम पात्राला करू देता येते.

तिसरे उदाहरण कायद्याच्या पलीकडच्या बाजूचे. मार्लन शेक्सपिअर, टोपणनाव चॉपर, हा मुलगा १९८१ च्या एका कथेत आला. धंदा नाही, उद्योग नाही, नगरात आपल्याला कोणी ओळखत नाही. म्हणून तो उंच इमारतींवर रंगाने आपले नाव लिहीत सुटतो. ड्रेड त्याला पकडतो. १९८५ च्या कथेत तो आकाशात तरंगणाऱ्या फळीवरची बेकायदा शर्यत जिंकतो आणि पुन्हा पकडला जातो. नगरातले लोक मात्र त्याच्या नावाचा जयघोष करतात. वॅग्नर ह्यांनी लिहिलेल्या आणि कॉलिन मॅकनील ह्यांनी रंगवलेल्या १९८९-९० च्या मालिकेत सारा भार चॉपरवरच आहे. तेथे शर्यत भरवणारा गर्दी खेचण्यासाठी स्पर्धकांवर बंदुका रोखवतो. वाचक जेव्हा चॉपरच्या बाजूने श्वास रोखून धरतो, तेव्हा मुख्य मालिकेत आपण कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवीत होतो, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही.

आता 'पाने भरण्याची सोय' ह्या आक्षेपाकडे येऊ. साप्ताहिक दर आठवड्याला पाने मागते. ओळखीचे पात्र असले की जग पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. वाचकांना कोण आवडले हेही संपादकाला पत्रांवरून कळते. ही सारी व्यवहाराची कारणे खरी आहेत. पण ह्याच कारणांनी सुरू झालेल्या मालिकांपैकी काही टिकल्या, काही विरल्या. आमच्या मते टिकणाऱ्या मालिकेची खूण अशी: दुय्यम पात्राला नायकाशी संबंध नसलेली एखादी ओढ हवी, आणि त्याच्या कथेत नायक पाहुणा व्हायला हवा. कण्यांच्या आख्यानाचीही खूण हीच आहे.

ह्या साप्ताहिकाच्या घडणीतच आणखी एक दुय्यम मंडळी होती. इंग्लंडातील बालसाप्ताहिकांत त्या काळी लेखक-चित्रकारांची नावे सहसा छापत नसत, आणि पात्रांवर मालकी प्रकाशकाची असे. 'टू थाउजंड एडी'त पहिल्या वर्षातच नावे छापण्याची प्रथा पडली. तिचे श्रेय कलाविभागातील केव्हिन ओ'नील ह्यांना दिले जाते. पण तेथेही विनोद म्हणून त्यांना यंत्रमानव म्हटले जाई: कोणी लेखन-यंत्रमानव, कोणी चित्र-यंत्रमानव, आणि त्यांच्यावर परग्रहावरून आलेला एक काल्पनिक संपादक. मालकीचा प्रश्न मात्र विनोदाने सुटला नाही. एका साध्या बेकार मुलीला नायिका करणारी 'हेलो जोन्स' ही अ‍ॅलन मूर आणि इयन गिब्सन ह्यांची मालिका १९८४ मध्ये सुरू झाली, आणि तीन भागांनंतर ह्याच हक्काच्या वादात अपुरी राहिली. वॉल्टरला कागदावर तरी मोकळीक मिळाली, त्याला रंगवणाऱ्यांना तेवढीही सहज मिळाली नाही.

हे सारे बीडच्या वाचकाला कशासाठी सांगायचे? चित्र आणि अक्षर एकत्र नांदवणे आम्हांला परके नाही. आंबेजोगाईच्या दासोपंतांनी पंचीकरणासारखा गहन विषय सुमारे ४० फूट लांब कापडावर आकृत्या काढून लिहिला. ती पासोडी म्हणजे चित्रकथा नव्हे, पण समजावण्यासाठी रेषेचा आधार घेण्याची बुद्धी तीच. पुढे १९६४ मध्ये मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाले आणि मराठी मुलांना वेताळ भेटला. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. १९९० मध्ये ते प्रकाशन थांबले. नायक आम्हांला मिळाले. नायकाच्या मागे उभ्या असलेल्यांची मालिका मात्र फारशी मिळाली नाही.

आणि ह्या जिल्ह्याला मागे उभे राहणे म्हणजे काय, हे सांगायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेले नवरा-बायकोचे जोडपे हिशेबात एक 'कोयता' म्हणून लिहिले जाते. जिवंत लेखकाला गमतीने यंत्रमानव म्हणणे वेगळे, आणि दोन माणसांना गंभीरपणे एका हत्याराच्या नावाने मोजणे वेगळे. साखरेची कथा सांगताना कारखाना नायक होतो, त्याच्या कोनशिलेवर नावे असतात. कोयत्याला त्या कथेत दोन ओळी मिळतात.

ज्यांना रेषा येते अशी मुले आमच्या शाळांत आहेत, आणि त्यांतली काही हंगामात फडाशेजारच्या कोपीत राहून आली आहेत. त्यांना नायक शोधायला पुढच्या शतकात जायची गरज नाही. पहाटे गाडी भरणारी बाई मध्यभागी काढावी, आणि कारखान्याचे धुराडे दूर, लहानसे, पाहुण्यासारखे काढावे. चौकट तेवढी हलवायची आहे.