गाडी बदलायची, कुर्डुवाडी आली!

सोलापूर जिल्ह्याच्या नकाशावर एकेकाळी तीन रुंदींचे रूळ होते. मुंबईहून मद्रासकडे जाणारा साडेपाच फुटी ब्रॉडगेज, होटगीहून विजापूर-गदगकडे उतरणारा मीटरगेज आणि कुर्डुवाडीला येऊन मिळणारा अडीच फुटी नॅरोगेज. या शेवटच्याला आमच्याकडे सगळे नुसते 'बार्शी लाइट' म्हणत. जिथे एक रुंदी संपे आणि दुसरी सुरू होई, तिथे माणसे उतरत, वळकट्या उतरत, पोती उतरत आणि पलीकडच्या गाडीत चढत. आता तिन्ही रूळ एकाच रुंदीचे झाले आहेत. कुर्डुवाडीच्या आणि होटगीच्या पाटीवर 'जंक्शन' हा शब्द अजून आहे, पण त्या शब्दातला गलबला गेला. तो कसा आला आणि कसा गेला, हे सांगण्यासारखे आहे. त्यात आपला कापूस आहे, दुष्काळ आहे, पंढरीची वारी आहे, आणि रुळांच्या वर काचेच्या खोलीत उभी राहिलेली काही माणसेही आहेत.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजे जी.आय.पी. रेल्वे सोलापूरला आली १८६० मध्ये. गंमत अशी की तेव्हा बोरघाटातला लोहमार्ग पुरा झालेला नव्हता. तो झाला १८६३ मध्ये. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षे मुंबईला निघालेला सोलापूरकर खंडाळ्यापर्यंत गाडीने जाई, घाट पालखीतून किंवा पायी उतरे आणि खाली पुन्हा गाडी धरी. १८७१ मध्ये हे रूळ रायचूरला मद्रासकडून आलेल्या रुळांना भिडले आणि सोलापूर मुंबई-मद्रास मार्गावरचे गाव झाले. गिरणी आली ती त्यानंतर, १८७७ मध्ये. तीच आपली 'जुनी मिल'.

त्याच वेळी दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला होता. १८७६ ते १८७८ या काळात देशात इतरत्र धान्य होते, पण दुष्काळी मुलखात ते पोचवायचे कसे, हा प्रश्न होता. बैलगाड्यांचे बैलच चाऱ्यावाचून मरत होते. मग दुष्काळ निवारणासाठी म्हणून काही लोहमार्ग बांधायचे ठरले. सदर्न मराठा रेल्वेचा होटगी-गदग मार्ग १८८४ मध्ये सुरू झाला तो या विचारातून. खर्च कमी यावा म्हणून तो मीटरगेज. सोलापूरपासून पंधराएक किलोमीटरवरचे होटगी असे जंक्शन झाले. ज्या मार्गाने धान्य लवकर पोचायचे, त्याच्या तोंडाशीच प्रत्येक पोते एका डब्यातून दुसऱ्यात हलवावे लागे, हा विरोधाभास पुढे सव्वाशे वर्षे निमूट चालला.

कुर्डुवाडीची गोष्ट याहून रंगतदार आहे. सोलापूरच्या अलीकडे ऐंशीएक किलोमीटरवर, माढा तालुक्यातले हे ठिकाण. जी.आय.पी.ने इथल्या स्टेशनाला नाव दिले होते 'बार्शी रोड'. स्टेशनाच्या नावामागे 'रोड' दिसले, की ओळखावे की ते गाव इथे नाही, त्या गावाचा रस्ता इथून सुटतो. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण मुख्य मार्ग तिला वीस मैल बाजूला ठेवून निघून गेला. कापसाच्या गाठी बैलगाडीने बार्शी रोडला यायच्या. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर वीस मैल म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

जी.आय.पी.मध्ये नोकरी केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरला या वीस मैलांत भवितव्य दिसले. त्याचे म्हणणे असे, की अरुंद रूळ म्हणजे कमी दर्जाची रेल्वे, हा गैरसमज आहे. हलके रूळ घाला, पण इंजिनापासून वाघिणीपर्यंत प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त वजन येणार नाही असा हिशेब ठेवा. मग अडीच फुटी गाडीसुद्धा भरपूर माल ओढते. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही गाडी सुरू झाली आणि त्याचे म्हणणे खरे ठरले. १९०६ मध्ये रूळ पंढरपूरला गेले, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटरचा हा पसारा, आणि त्याच्या मध्यावर कुर्डुवाडी. कॅलथ्रॉपचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, १९१० मध्ये विमान अपघातात गेला. त्यानंतर हा माणूस विमानातून उडी घेण्याच्या छत्रीच्या, म्हणजे पॅराशूटच्या मागे लागला आणि त्याने 'गार्डियन एंजल' नावाचे पॅराशूट तयार केले. बार्शीची गाडी आणि वैमानिकाचे पॅराशूट एकाच डोक्यातून निघाले, हे बार्शीकरांनाही फारसे ठाऊक नसते.

पंढरपूरला गाडी गेली आणि कुर्डुवाडीचे दिवस पालटले. आषाढी-कार्तिकीला मुख्य मार्गाच्या गाड्या इथे वारकरी ओतत आणि छोट्या गाडीने ते पुढे न्यायचे. मोठ्या गाडीचा एक डबा छोट्या गाडीच्या दोन डब्यांतही मावेना, हे साधे गणित दर आषाढीला चुके आणि उरलेली मंडळी टपावर बसत. मी लहानपणी आजीबरोबर या वाटेने गेलो आहे. रात्री ब्रॉडगेजमधून उतरायचे, फलाटावर वळकटी पसरायची आणि पहाटेपर्यंत पलीकडच्या रुळावर काही हलते का, ते पाहत बसायचे. या गाडीतून उतरून, शेंगा घेऊन पुन्हा तिच्यातच चढता येते, अशी थट्टा सगळेच करत. पण ज्या गावांना दुसरे वाहन नव्हते, त्यांना हीच गाडी दवाखाना, बाजार आणि माहेर होती. १९५४ मध्ये सरकारने ती कंपनीकडून विकत घेतली, तरी लोकांच्या तोंडी ती बार्शी लाइटच राहिली.

जंक्शन म्हटले की यार्ड आले, आणि यार्ड म्हटले की केबिन. फलाटाच्या टोकापलीकडे उभी असलेली दुमजली, वरच्या मजल्याला चारी बाजूंनी काचा असलेली ती इमारत प्रत्येकाने पाहिली आहे, पण आत जायची मुभा कुणालाच नसे. आत ओळीने उभे असत ते लिव्हर, म्हणजे कमरेएवढ्या उंचीचे लोखंडी खटके. तांबडा सिग्नलचा, काळा सांध्याचा, निळा सांध्याच्या कुलपाचा, पांढरा बिनकामाचा. सांधा सरकतो तो लोखंडी सळ्यांनी, सिग्नल हलतो तो तारेने; आणि ही तार कप्प्यांवरून कित्येकशे मीटर गेलेली असते. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती तापून सैल पडे, पहाटे आखडे. ती ताणून बरोबर ठेवणे, हे केबिनमनच्या नित्याच्या कामांतले एक.

आपण अजून 'सिग्नल पडला' म्हणतो. तांबडा-हिरवा दिवा कधी पडत नाही. पडायचा तो खांबावरचा हात. आडवा असला की थांबा, खाली झुकला की चला. हातामागे वजन असे लावलेले असे, की तार तुटली तर हात आपोआप आडवा व्हावा. बिघाड झालाच, तर तो गाडी थांबवणारा असावा, हे या साऱ्या व्यवस्थेचे मूळ सूत्र.

दुसरे सूत्र केबिनच्या जमिनीखाली दडलेले असे. तिथे लोखंडी पट्ट्यांची जाळी असते आणि प्रत्येक खटका त्या पट्ट्यांना जोडलेला असतो. एका गाडीला वाट दिली, की तिला आडवी येणाऱ्या दुसऱ्या वाटेचा खटका जागचा हलतच नाही. केबिनमनने अंगातली सगळी ताकद लावली तरी नाही. सांधा नीट बसून त्याला कुलूप लागल्याशिवाय सिग्नलही पडत नाही. सांधे आणि सिग्नल असे एकत्र बांधण्याचे पेटंट १८५६ मध्ये इंग्लंडात जॉन सॅक्सबीने घेतले. हा मूळचा रेल्वेतला सुतार. माणूस चुकणारच हे गृहीत धरून त्याच्या हाताला लोखंडी लगाम घालणे, ही कल्पना एका सुताराला सुचावी याचे मला फार कौतुक वाटते.

सोलापूरच्या रेल्वे लाइन्स भागात आमच्या ओळखीचे एक निवृत्त केबिनमन काका राहत. त्यांच्या उजव्या तळहाताला घट्टे होते. खटका ओढताना हातात फडके धरायचे, नाहीतर घामाने हात घसरतो, असे ते सांगत. शेजारच्या स्टेशनकडून घंटा वाजली की गाडी सुटली, आणि शेवटच्या डब्यामागचा दिवा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी पुरी आली असे मानायचे नाही, हे त्यांच्या अंगात इतके भिनले होते, की निवृत्तीनंतरही अंगणात उभे राहून ते जाणाऱ्या गाडीचा शेवटचा डबा पाहत. मधला एखादा डबा सुटून मागे राहिला असेल तर? तारा, खटके, घंटा यांतल्या कशालाच ते कळत नसे. ते कळे फक्त काकांच्या डोळ्यांना.

हे सगळे आवरले गेले ते मात्र भराभर. रुळांची रुंदी एक करायचे धोरण १९९२ पासून देशभर जोरात राबवले गेले. लातूरकडून ब्रॉडगेज २००८ मध्ये कुर्डुवाडीला आला, येताना जुनी वाट सोडून उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, जोडत आला. पंढरपूर-मिरज बाजूही बदलली आणि त्याच सुमारास होटगी-गदगचा मीटरगेज गेला. मुख्य मार्गाचे दुपदरीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. सांधे आता विजेच्या मोटारीने हलतात, आणि अख्खे यार्ड स्टेशनमास्तरांच्या पुढ्यातल्या पडद्यावर मावते.

यात नुकसान झाले म्हणून गळा काढणाऱ्यांतला मी नाही. लातूरच्या शेतकऱ्याचे पोते आता मध्ये कुणी उचलत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. बारा-बारा तास खटके ओढण्यातही काही काव्य नव्हते, आणि केबिनच्या काळात अपघात होत नसत असेही नाही. तरी २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजारला कोरोमंडल एक्स्प्रेस उभ्या मालगाडीवर आदळली आणि २९०हून अधिक माणसे गेली, तेव्हा मला ती जमिनीखालची जाळी आठवली. सिग्नल सरळ मार्गाचा होता, सांधा मात्र बाजूच्या रुळाला लागलेला. यंत्रणा खोटे बोलली, कारण दुरुस्तीच्या वेळी तारांची जोडणी चुकली होती, असे चौकशीत निघाले. सॅक्सबीचा लगाम आजही आहे, फक्त तो लोखंडातून तारांत गेला आहे. पट्टी वाकली तर दिसे, खटका अडे. तार चुकीची जोडली तर ती चौकोनी पेटीत गप्प बसून राहते. म्हणून पडद्यासमोरच्या माणसाइतकीच त्या पेटीचे झाकण उघडणाऱ्या माणसाची तयारी आणि त्याला मिळणारा वेळ महत्त्वाचा आहे. त्याबद्दल मात्र अपघात झाल्यावर चार दिवसच चर्चा होते.

कुर्डुवाडीने काय गमावले, याचा हिशेब निराळा. गाडी बदलणाऱ्यांच्या जिवावर चहावाले, हमाल, टांगेवाले, खाणावळी अशी एक पेठच तिथे वाढली होती. नॅरोगेजची इंजिने आणि डबे दुरुस्त करणाऱ्या रेल्वेच्या कारखान्यात कितीतरी घरांच्या दोन-दोन पिढ्या कामाला होत्या. लोकांची गैरसोय हेच ज्या गावाचे भांडवल, त्याला सोय झाल्याचा जाब कुणाला विचारता येत नाही. मुंबईहून लातूरकडे जाणारी रात्रीची गाडी आता कुर्डुवाडीवरून थेट जाते. स्टेशन येते तेव्हा डब्यातले दिवे मालवलेले असतात, आणि बार्शीला उतरणाऱ्या एखाद्याने मोबाइलवर लावलेला गजर तेवढा वाजतो.