पहिल्या वर्षालाच प्रयोगशाळा

एडविन लँड २२ मे १९५७ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटीत व्याख्यानाला उभे राहिले, तेव्हा क्षणात फोटो हातात देणाऱ्या पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक म्हणून त्यांचं नाव सगळीकडे झालेलं होतं. शिकून मिळवलेली पदवी मात्र त्यांच्याकडे नव्हती. हार्वर्डला पहिल्याच वर्षाला असताना ते कॉलेज सोडून न्यूयॉर्कला गेले. दिवसा सार्वजनिक वाचनालयात प्रकाशशास्त्र वाचायचं आणि रात्री कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गुपचूप शिरून प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम होता. पुढे ज्यावर कंपनी उभी राहिली तो प्रकाशाचं ध्रुवण करणारा पातळ पापुद्रा त्या उद्योगातून आला.

असा माणूस देशातल्या अव्वल तंत्रसंस्थेला काय सांगणार? एमआयटीत विद्यार्थ्यांशी बोलून लँड यांनी एक निदान केलं होतं. आल्या दिवसापासून या मुलांच्या मनावर ठसवलं जातं की तुमची वेळ अजून यायची आहे. आधी परीक्षा द्या, पदवी घ्या, मग पुढची पदवी घ्या, आणि मग बघू. तोवर मूळची धिटाई संपलेली असते. लँड यांचा उपाय असा होता की प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासूनच स्वतःचा संशोधनाचा प्रश्न द्यावा आणि त्या प्रश्नापर्यंत हात धरून नेणारा एक जाणता सोबती द्यावा. व्याख्यान गाजलं, आणि गाजलेल्या व्याख्यानांचं होतं तेच त्याचंही बराच काळ झालं.

बारा वर्षांनी त्या कल्पनेचा कार्यक्रम झाला तो मार्गारेट मॅकविकर यांच्यामुळे. मिशिगनमधल्या फ्लिंट या मोटारींच्या गावात वाढलेल्या मॅकविकर एमआयटीच्याच विद्यार्थिनी. पदवी भौतिकशास्त्राची, डॉक्टरेट धातू आणि पदार्थविज्ञानातली, काम अतिवाहकांवरचं. १९६९ साली, वयाच्या पंचविशीत, त्यांनी लँड यांच्या पाठबळावर ‘अंडरग्रॅज्युएट रिसर्च ऑपॉर्च्युनिटीज प्रोग्रॅम’ सुरू केला. आद्याक्षरांनी यूआरओपी. ते वर्ष अमेरिकेतल्या विद्यापीठांत मोर्चांचं आणि घेरावांचं. विद्यार्थी आणि प्राध्यापक एकमेकांकडे संशयाने पाहत असताना एका तरुण शिक्षिकेने त्यांना एकाच टेबलाशी बसवायचं ठरवलं, हे मला व्याख्यानापेक्षा मोठं वाटतं.

यूआरओपीची रचना बघण्यासारखी आहे. विद्यार्थ्याने प्राध्यापक शोधायचा, त्याचं काम वाचायचं, दार ठोठावायचं. दोघांचं जमलं की काय करणार आणि का, याचा छोटा प्रस्ताव विद्यार्थ्याने लिहायचा. स्वतःच्याच विभागात काम केलं पाहिजे अशी अट नाही. संगणकवाल्याने मेंदूविज्ञानात जावं. कामाबद्दल क्रेडिट घ्यावं किंवा तासाप्रमाणे पैसे घ्यावेत. एकाच कामाचे दोन्ही मिळत नाहीत. पैसे कधी कार्यक्रमाच्या निधीतून येतात, कधी प्राध्यापकाच्या प्रकल्पातून.

यातला पैशाचा भाग दुय्यम नाही. शिकताना उपाहारगृहात कपबशा विसळून खर्च भागवणाऱ्या मुलाला ‘फुकट संशोधन कर’ म्हणणं म्हणजे त्याला वगळणंच. तासाचा दर मिळाला की प्रयोगशाळा ही त्याचीही नोकरी होते. आज तिथले बहुतेक विद्यार्थी पदवीपर्यंत कधी ना कधी यूआरओपी करतात. तो हुशारांच्या निवडक टोळीचा मान राहिलेला नाही. कॅलटेकने १९७९ साली उन्हाळी संशोधन-शिष्यवृत्ती सुरू केली, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९८७ पासून अशाच कामासाठी देशभर अनुदान द्यायला सुरुवात केली.

सगळं गोजिरवाणं आहे असं नाही. पहिल्या सत्रातला विद्यार्थी बहुधा पिपेट भरतो, नोंदी तपासतो, दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढतो. कागदावर मार्गदर्शक प्राध्यापक असले तरी रोज शेजारी बसून शिकवणारा असतो पीएचडीचा एखादा विद्यार्थी, ज्याचा स्वतःचा प्रबंध रखडलेला असतो. नवख्याला हाताशी धरायचं म्हणजे सुरुवातीला काम वाढतंच. आपण केलं तर तासाचं काम, त्याला शिकवत केलं तर आठवड्याचं. आणि प्राध्यापकाची बढती ठरते शोधनिबंधांवर. मग हे कोणी का करावं?

मॅकविकर यांनी या प्रश्नाला वरच्या खुर्चीतून हात घातला. १९८५ मध्ये त्या एमआयटीच्या पदवी-शिक्षणाच्या पहिल्या अधिष्ठाता झाल्या. १९९१ साली कर्करोगाने गेल्या तेव्हा त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या नावाने तिथे मॅकविकर फेलो निवडले जातात: पदवीच्या विद्यार्थ्यांना उत्तम शिकवणारे आणि घडवणारे प्राध्यापक. सहकारी आणि विद्यार्थी नावं सुचवतात, फेलोशिप दहा वर्षांची असते, सोबत निधी मिळतो. एका संध्याकाळी शाल-श्रीफळ देऊन विषय मिटवण्यापेक्षा दहा वर्षं नावापुढे राहणारी ओळख वजनदार असते. विभागप्रमुखाला ती डोळ्याआड करता येत नाही.

आपल्याकडे हे वारं पोचलेलंच नाही असं म्हणता येणार नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘नियस’ हा राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. साध्या बीएस्सी कॉलेजातली मुलं तिथे शिबिराला येतात आणि निवड झाली तर मार्गदर्शकाबरोबर प्रकल्प करतात. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचा ‘आविष्कार’ संशोधन महोत्सव २००६ पासून भरतो. पदवीच्या मुलांचा त्यात वेगळा गट असतो. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, तीही विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांनाही. ही शेवटची गोष्ट फारशी बोलली जात नाही. तालुक्याच्या कॉलेजातल्या शिक्षकाने स्वतः दोन महिने प्रयोगशाळेत काढले, तर परतल्यावर मुलांना विचारायला त्याच्याजवळ खरे प्रश्न असतात.

मात्र नव्या चार वर्षांच्या पदवीची चौकट पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवलेल्यालाच चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं. म्हणजे तीन वर्षं गुण जमवा, मग संशोधन बघू. लँड यांनी १९५७ मध्ये नावं ठेवली होती ती नेमकी याच क्रमाला. पाठांतरात साठ टक्क्यांवर अडकलेल्या, पण घरी मोटार उघडून बसणाऱ्या पोरीला या दारातून प्रवेश नाही. आणि ज्याला आहे त्याला संशोधनात आपला हात कसा चालतो हे कळायला उरतं एकच वर्ष. मानखुर्दला ‘नियस’ची निवड मात्र पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतच होते.