पान कुठे तोडावे?

शेराच्या दोन ओळी दोन पानांवर गेल्या, की शेर मरतो. पहिली ओळ श्वास रोखून उभी असते आणि वाचक पान उलटण्यात गुंतलेला असतो. म्हणून संग्रह छापताना मी छापखान्यात या एका गोष्टीचा हट्ट धरीत आलो. हीच काळजी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही असते, हे मला माझ्या मुलीमुळे कळले. ती तेच काम करते.

प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांचा मजकूर. तो पडद्यावर लिहिला जातो खरा. पण कसून तपासायचा किंवा शिकवायचा म्हटला, की काहीजण आजही तो कागदावर काढतात. पेन्सिल हाती असली की चूक लवकर सापडते, असे ती म्हणते. संगणकातले मला ओ की ठो कळत नसले तरी हे पटते.

आता गंमत पाहा. रंग आणि समास जसेच्या तसे छापले जावेत म्हणून हा मजकूर आधी एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबच्या भाषेत बदलतात. वेबवर पान ही लांबच लांब पट्टी असते. कागद संपेल तिथे ती तुटते. 'असे झाले तर' या पानावर आणि 'हे करा' पुढच्या पानावर! तपासणाऱ्याची नजर नेमकी तिथेच फसते.

पूर्वी अशी पंचाईत नव्हती. अकरा इंची कागदावर इंचाला सहा, म्हणजे ६६ ओळी बसत आणि नवे पान हवे तिथे मजकुरातच एक अदृश्य खूण पेरता येई. तिचे नाव 'फॉर्म फीड', आस्की संकेतावलीतला क्रमांक १२. ती दिसली की छपाईयंत्र पुढच्या कागदावर जाई. एचटीएमएल मात्र तिला पान तोडण्याची आज्ञा मानत नाही. रूपांतर होताना ती मुकी होते.

उपाय सोपा आहे. १९९८च्या सीएसएस-२ या मांडणीच्या नियमावलीत 'पेज-ब्रेक-बिफोर' ही सूचना आली. रूपांतर करतानाच त्या जुन्या खुणेच्या जागी 'इथून नवे पान' असे सांगणारा रिकामा परिच्छेद घालायचा. 'पेज-ब्रेक-इनसाइड' वापरून एखादा भाग मध्ये तोडू नका, असेही बजावता येते. आता या सूचनांची नावे 'ब्रेक-बिफोर' आणि 'ब्रेक-इनसाइड' अशी झाली आहेत, जुनीही चालतात. अर्थात तो भाग पानापेक्षाच मोठा असेल तर तो तुटणारच. पानाच्या तळाशी आणि माथ्याशी किमान किती ओळी राहाव्यात, हेही ठरवता येते. छपाईवाल्यांनी या एकट्या ओळींना 'अनाथ' आणि 'विधवा' म्हटले आहे. नावे निष्ठुर आहेत, पण काय करणार!

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले जॉन लायन्स यांनी १९७७ साली युनिक्सच्या प्रोग्रॅमवर भाष्य लिहिले. मूळ मजकूर त्यांनी एका रकान्यात पन्नास ओळी, पानात दोन रकाने असा बसवला. ते पुस्तकरूपाने १९९६मध्ये आले. तोवर त्याच्या झेरॉक्स प्रती हातोहात फिरत होत्या. त्यापासून प्रेरणा घेऊन अमेरिकेतल्या एमआयटीत २००६मध्ये 'एक्सव्ही-६' ही शिकवण्यापुरती प्रणाली तयार झाली. तिच्या मजकुरात अधूनमधून 'पेजब्रेक' अशी टीप आणि पुढे ४२सारखा एखादा आकडा दिसतो. इतक्या ओळी एकत्र ठेवा, असा त्याचा अर्थ. संगणक ही टीप वाचत नाही, छपाईची तयारी करणारा वेगळा प्रोग्रॅम वाचतो.